एम-सतराची रिकामी जागा

शिराकाता तेइजींनी आयुष्यात एकशे बेचाळीस चित्रपटांना संगीत दिलं आणि एका पत्राला उत्तर दिलं नाही. एकशे बेचाळीसपैकी निम्मे चित्रपट त्यांना आता आठवतही नव्हते. पत्र मात्र पाठ होतं, निदान त्यांची तशी समजूत होती.

ते आलं १९५८ च्या सप्टेंबरात, स्टुडिओच्या पत्त्यावर. नट-नट्यांना पत्रं पोत्यानं येत, दिग्दर्शकाला चार-दोन येत. संगीतकाराला पत्र येतं हे टपाल वाटणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं ते दोन दिवस सुतारखात्यात ठेवलं होतं. शिराकाता तेव्हा तेहतीस वर्षांचे होते. पाकिटाला लाकडाचा भुसा लागला होता.

"शिराकाता सेन्सेई यांस," पत्रात होतं, "मी हामाया किनु. तीस ऑगस्टला कामासाठी ओकिबे बंदरात गेले होते. परतीच्या बसला दोन तास होते म्हणून मिनातो टॉकीजमध्ये जाऊन बसले. तुमचा 'मिठागरवाडी' लागला होता. लेकीला सासरी पाठवून आई घरी येते, स्वयंपाकघरात दोन वाडगे काढते आणि एक परत ठेवते. तेवढ्यात लांबून टोफूवाल्याची पिपाणी ऐकू येते. माझे यजमान यंदा वसंतात वारले. पिपाणी वाजली की मी भांडं घेऊन धावते, दोन वड्या सांगते आणि मग म्हणते, नको, एकच द्या. हे दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल असं वाटलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं? ज्यांनी ती पिपाणी वाजवली त्यांना माझे आभार सांगाल का?"

पत्र सुंदर होतं. अडचण एवढीच होती की त्या प्रसंगात पिपाणी नव्हती. पिपाणीच काय, काहीच नव्हतं. आई, दोन वाडगे आणि शांतता.

आधी तिथं संगीत होतं. चित्रपटातल्या संगीताच्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो, तसा याचा एम-सतरा. बारा व्हायोलिनं, एक चेलो, एक मिनिट पन्नास सेकंद. शिराकातांच्या मते त्यांनी स्वतःचीच नक्कल न करता लिहिलेला तो एकमेव तुकडा. दिग्दर्शक त्सुबोकुरांनी तो चित्रासोबत एकदा ऐकला, सिगरेट विझवली आणि म्हणाले, "शिराकाता-कुन, हे टोफूसारखं झालंय. पांढरं, मऊ, आणि वरून सोया सॉस घातल्याशिवाय चव नाही. काढून टाका."

काढून टाकला. तुकडा गळला तरी पुढच्यांचे क्रमांक कुणी बदलत नाही, सगळ्यांचा गोंधळ होतो. यादीत सोळानंतर सतरा, आणि सतरापुढे लिहिलेलं, 'रिकामा'.

आणि तीन आठवड्यांनी हे टोफूवालं पत्र!

टोफूचं ते वाक्य बोललं गेलं तेव्हा खोलीत चौघं होते. त्सुबोकुरा तोंडावर अपमान करत, पत्र लिहिण्याइतका वेळ त्यांना नव्हता. ध्वनिमुद्रक माणूस सज्जन, पण विनोद सांगितला तर वही काढून लिहून घेणारा. उरला नुकागा. नुकागा हा नकलनवीस, म्हणजे संगीतकाराच्या मुख्य कागदावरून एकेका वादकाचा कागद उतरवून देणारा. हात असा की छापील वाटावं, आणि डोकं असं की कधी काय करील सांगता येत नाही. एकदा त्यानं ट्रोम्बोनवाल्याच्या कागदावर सुरांच्या मध्ये बारीक अक्षरात 'इथे शिंकावे' असं लिहिलं होतं, आणि बिचारा ट्रोम्बोनवाला, नवा होता, शिंकला होता.

तेव्हा पत्र नुकागाचंच, कुणा बाईकडून लिहून घेतलेलं. शिराकातांनी ते एम-सतराच्या रिकाम्या फायलीत घातलं आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. विषय नुकागानं आधी काढावा, मग बघू. नुकागानं चाळीस वर्षं विषय काढला नाही. इतका चिवट विनोद शिराकातांनी पाहिला नव्हता.

एवढ्या एका गोष्टीवरून त्यांचं काही बिघडलं असंही नाही. दोघं मिळून काम करत राहिले. शिराकातांची सुरुवात अमेरिकन छावणीत पियानो बडवण्यापासून झाली होती. सिनेमात आल्यावर एका चित्रपटाला तीन दिवस मिळत. पहिल्या दिवशी हातात स्टॉपवॉच घेऊन चित्र बघायचं, दुसऱ्या दिवशी लिहायचं, तिसऱ्या दिवशी वादक आत सूर जुळवत असताना बाहेर व्हरांड्यात नुकागा उरलेले कागद उतरवत बसलेला, आणि शाई वाळावी म्हणून शिराकाता पंख्यानं वारा घालत उभे. तलवारीचे झाले, जुगाऱ्यांचे झाले, समुद्रातून वर येणाऱ्या राक्षसांचे पाच झाले. राक्षसांना भरपूर संगीत लागतं. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर येईपर्यंत सोळा मात्रा जातात.

आणि समीक्षक काय लिहीत? 'मिठागरवाडी'तली स्वयंपाकघरातली शांतता. दर दहा वर्षांनी कुणीतरी नव्यानं शोधून काढी की जपानी चित्रपटातली ती फार मोठी शांतता आहे. एकशे बेचाळीस चित्रपटांत ज्या जागेची सर्वांत जास्त स्तुती झाली त्या जागी शिराकाता नव्हतेच. हे ते कुणाला बोलून दाखवत नसत. फुमिएला, म्हणजे बायकोला, एकदा बोलले होते. ती म्हणाली होती, "मग आणखी दोन-चार ठिकाणी गप्प बसायचं होतं."

फुमिए जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

अशात एका ध्वनिमुद्रिका कंपनीतल्या ओनुकी-सान त्यांच्या किनुता भागातल्या घरी येऊ लागल्या. पस्तिशीच्या, भराभर बोलणाऱ्या, सॉक्सवर मांजरं असलेल्या. शिराकातांच्या संगीताचा बारा तबकड्यांचा संच निघायचा होता. त्या फायली उपसत बसत, शिराकाता चहा करत आणि दर अर्ध्या तासानं म्हणत, "हे कोण विकत घेणार?"

"मी घेणार," ओनुकी-सान म्हणत. "कर्मचाऱ्यांना सवलत आहे."

एम-सतराच्या फायलीतून पत्र निघालं तेव्हा त्यांनी ते तिथंच मोठ्यानं वाचलं. शिराकाता किटली हातात धरून ऐकत होते. पाठ असलेलं पत्र दुसऱ्याच्या तोंडून येताना वेगळंच ऐकू आलं. 'दोन वड्या सांगते आणि मग म्हणते, नको, एकच द्या.' आदल्याच संध्याकाळी त्यांनी दुकानातल्या थंड कपाटातून दोन वड्या टोपलीत घेतल्या होत्या आणि गल्ल्यापर्यंत जाऊन एक परत नेऊन ठेवली होती. हे कुणी गमतीत लिहू शकत नाही. नुकागाला तर अठ्ठावन्न साली लग्न म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं.

म्हणजे ही बाई खरी होती. आणि तिला चाळीस वर्षं उत्तर गेलं नव्हतं.

"सेन्सेई!" ओनुकी-सान म्हणत होत्या. "म्हणजे पहिल्या प्रतीत पिपाणी होती! नंतर ती काढली! तुमचीच कल्पना होती ना ती?"

"हं…" शिराकाता म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर ते थंड कपाट होतं.

पुढच्या सोमवारी संचासोबतच्या पुस्तिकेचा कच्चा छाप टपालानं आला. पान नऊवर लिहिलं होतं, 'हरवलेली पिपाणी. स्वयंपाकघरातल्या प्रसिद्ध शांततेच्या जागी मुळात टोफूवाल्याची पिपाणी होती, याला स्वतः संगीतकारांनी दुजोरा दिला आहे. साध्या दोन सुरांत एका आईचं उरलेलं आयुष्य मावतं. शिराकातांच्या कारकिर्दीचं हे शिखर.' शुक्रवारी छपाई.

शिराकातांनी ते तीनदा वाचलं. खरं सांगायचं तर पहिल्या दोन वेळा बरं वाटलं. शिखर! हा शब्द त्यांच्या नावापुढे कुणी लिहिला नव्हता. त्सुबोकुरा वारले होते, ध्वनिमुद्रक वारला होता. खोटं आहे म्हणून सांगायला कोण येणार? तिसऱ्या वेळी मात्र वाटलं, पुस्तिका चुकून त्या बाईच्या हाती पडली तर? तिनं विचारलं होतं, पिपाणी वाजवणाऱ्याला आभार सांगाल का. त्यांनी उत्तर तर दिलं नव्हतंच, आणि आता तिचे आभार स्वतःच्याच खिशात घातले होते.

त्यांनी नुकागाला फोन केला. पंच्याहत्तरीचा नुकागा गुडघ्याला पट्टा बांधून दुपारी हजर झाला. शिराकातांनी पत्र त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "हे तू लिहिलं नाहीस ना?"

नुकागानं चष्मा वर करून वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"केव्हापासून वाटतंय तुला हे?"

"अठ्ठावन्नपासून."

"अठ्ठावन्न!" नुकागा इतका हसला की चहा नाकातून आला. "म्हणून एकसष्ट साली माझ्या लग्नात तू मला भेट म्हणून टोफू उकळायचं पातेलं दिलंस?"

"मला वाटलं, तू काहीतरी बोलशील."

"मी आणि बायको सदतीस वर्षं विचार करतोय, याचा अर्थ काय! अरे तेइजी, गाढवा, मला इतकं चांगलं लिहिता आलं असतं तर मी तुझे फराटे उतरवत बसलो असतो का?"

"मग पिपाणी आली कुठून?"

"ते मला काय विचारतोस? इथं गावाचं नाव आहे, टॉकीजचं नाव आहे, तारीख आहे. चाळीस वर्षांत एकदा जाऊन विचारावंसं वाटलं नाही तुला?"

अनोळखी गावात जाऊन अनोळखी माणसाला काही विचारायचं, या कल्पनेनंच शिराकातांच्या तळव्यांना घाम येई. संगीतकार झाले तेच मुळी काचेपलीकडे बसता येतं म्हणून.

"विचारीन मी," नुकागा म्हणाला. "तू गाडीत खायला जेवणाचे डबे घे. ईल माशाचा डबा घे, रडका घेऊ नकोस."

बुधवारी सकाळी दोघं उएनो स्टेशनावरून निघाले. निइगाताला गाडी बदलली, मग दोन डब्यांची गाडी, मग समुद्र. ओकिबेत मिनातो टॉकीजच्या जागी आता मोटारी उभ्या करायचं मैदान होतं. नुकागानं तिथं तिकीट फाडणाऱ्या पोरीला विचारलं, पोरीनं न्हाव्याकडे बोट दाखवलं, न्हाव्यानं मागची गल्ली दाखवली. "गेम्पाची आजोबांना विचारा. टॉकीजच्या भिंतीला चिकटून जन्म काढलाय त्यांनी."

मागच्या गल्लीत टोफूचं दुकान होतं. दाराशी लाकडी खोक्यावर एक म्हातारा उन्हात बसला होता. एमोरी गेम्पाची, वय वर्षं त्र्याऐंशी. दुकान आता सून बघत होती, आजोबा फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यावर देखरेख करत होते.

नुकागानं सगळी हकिकत सांगितली. शिराकाता त्याच्या मागे अर्धे लपून उभे होते.

"मिठागरवाडी?" आजोबा म्हणाले. "ती आई आणि वाडगे? अहो, ती पिपाणी माझी!"

"तुमची?"

"मग काय! हे बघा, दुपारच्या खेळाला माझी अर्धी गिऱ्हाइकं आत बसलेली. बाया सगळ्या. पिपाणी ऐकली की त्यांना कळायचं, गेम्पाची आलाय, सुटेपर्यंत थांबतोय. नाही ऐकली की सरळ घरी, आणि रात्री नवऱ्याला नुसतं लोणचं. उन्हाळ्यात टॉकीजच्या खिडक्या उघड्या, आत काळा पडदा. आवाज आत जायचा. पण पहिल्या दिवशी मी वाजवली तेव्हा आत मारामारी चाललेली, ढोल बडवतायत! कोण ऐकणार? दहा वड्या परत आणल्या. दुसऱ्या दिवशी मी यंत्रवाल्याला एक वडी दिली आणि वरच्या खोलीतून अख्खा चित्रपट बघितला. सगळीकडे गाणंबजावणं. गप्प अशी एकच जागा, ती वाडग्याची. चार वाजून चाळीस मिनिटं. तिसऱ्या दिवसापासून मी सायकल भिंतीला लावून, घड्याळ बघून, बरोब्बर तिथं…"

त्यांनी ओठ गोल करून दाखवले.

"मालक ओरडला नाही?" नुकागानं विचारलं.

"ओरडला ना. पण मग त्याच्या बायकोनं सांगितलं की त्या जागी लोक जास्त रडतात. मग म्हणाला, वाजव बाबा."

शिराकाता आता नुकागाच्या मागून बाहेर आले होते.

"पुढे मग ती सवयच लागली," आजोबा रंगात आले. "नवा चित्रपट आला की बघायचा, गप्प जागा शोधायची. बहुतेकांत सापडायची. पण एक संगीतवाला होता, त्याचे ते राक्षसांचे चित्रपट. अहो, श्वास घ्यायला जागा नाही! राक्षस झोपला तरी तुताऱ्या! पाच आले, पाचही वेळा माझं दिवाळं. सुरुवातीला नाव यायचं पांढऱ्या अक्षरात, मी रोज शिव्या घालायचो म्हणून लक्षात आहे. शिरा… शिराकाता."

नुकागानं खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला. "आजोबा," तो कसाबसा म्हणाला, "हेच ते."

आजोबा दचकून खोक्यावरून उठले आणि वाकले. शिराकाता त्यांच्याहून खाली वाकले. आजोबा आणखी खाली गेले. शेवटी सुनेनं येऊन दोघांच्या कमरांची काळजी करत त्यांना सरळ केलं.

"चुकलो," शिराकाता म्हणाले. आयुष्यात कुठल्याही समीक्षकाला त्यांनी हे म्हटलं नव्हतं. "झोपलेल्या राक्षसाला तुताऱ्या नको होत्या."

"ते जाऊ द्या. वाडग्याची जागा सोडलीत ना!"

"ती मी सोडली नाही. काढून घेतली माझ्याकडून. तिथं बारा व्हायोलिनं होती."

आजोबांनी जरा विचार केला. "बारा? मग माझ्या वड्या गेल्या असत्या."

शिराकातांना हसू आलं. आधी थोडं, मग पोटातून. चाळीस वर्षं ते व्हायोलिनं मनातल्या मनात वाजवून बघत होते आणि त्सुबोकुरांशी भांडत होते. ती तिथं असती तर गेम्पाचीनं पिपाणी ओठाला लावलीच नसती, आणि बसची वाट बघणारी एक बाई चित्रपट संपल्यावर नुसती उठून गेली असती.

मग त्यांनी पत्र काढलं आणि स्वतः, कुणी न सांगता, अनोळखी गल्लीत उभं राहून मोठ्यानं वाचलं. 'ज्यांनी ती पिपाणी वाजवली त्यांना माझे आभार सांगाल का?'

आजोबा वळले. आत गेले आणि पितळेची पिपाणी घेऊन आले. हिच्यात फुंकलं की एक सूर येतो आणि श्वास आत ओढला की दुसरा. त्यांनी फुंकलं, मग ओढलं. ओढताना खोकला आला.

"फुंकायला जमतं अजून," ते म्हणाले. "परत घ्यायला त्रास होतो."

निघताना सुनेनं विचारलं, "किती बांधू?" शिराकाता म्हणाले, "दोन," आणि सवयीनं थांबले. "दोनच," नुकागा म्हणाला. "एक माझी. पातेलं आहे माझ्याकडे."

गुरुवारी सकाळी शिराकातांनी ओनुकी-सानना फोन केला. फोनवर बोलायचं ते त्यांनी आधी कागदावर लिहून काढलं होतं.

"पण सेन्सेई, तुम्ही 'हं' म्हणालात!"

"मी दुसराच विचार करत होतो."

"विचार करताना कुणी 'हं' म्हणतं का?"

"आमच्या पिढीत म्हणतात."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग ओनुकी-सान म्हणाल्या, "पान नऊ पुन्हा लिहावं लागणार. म्हणजे… शिखर काढायचं?"

"काढा," शिराकाता म्हणाले. तोंडातून निघायला शब्दाला किंचित वेळ लागला. "'सतरा, रिकामा' एवढंच ठेवा. खाली लिहा, ओकिबे गावी, मिनातो टॉकीजमध्ये या जागी सहा दिवस पिपाणी वाजली. वादक, एमोरी गेम्पाची."

"आणि ती बारा व्हायोलिनं? तुमच्याकडे कागद असतील तर आपण नव्यानं वाजवून घेऊ शकतो. तेरावी तबकडी."

"नको. तिथं माणूस बसलाय आता." मग धीर करून ते म्हणाले, "एक काम कराल? त्या हामाया किनु-सान अजून त्याच पत्त्यावर असतील का, कळेल कुठून?"

दुपारी कळलं. त्याच गावात, त्याच घरात. वय अडुसष्ट. ओनुकी-साननी फोन करून विचारलंही होतं. "म्हणाल्या, पत्र लिहिल्याचं आठवतंय, पण इतक्या मोठ्या माणसाला वेळ कुठला असणार."

मोठा माणूस मग दिवसभर उत्तर लिहीत बसला. पहिला मसुदा चार पानी होता, त्यात तीन पानं क्षमा. नुकागानं ती काढून टाकली. "हे टोफूसारखं झालंय," तो म्हणाला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तो ते वाक्य बोलला होता, आणि शिराकातांना ते लागलं नाही.

उरलं ते असं:

"हामाया किनु-सान यांस, उत्तराला उशीर झाला. पिपाणी माझी नव्हती. ती एमोरी गेम्पाची या गृहस्थांनी, टॉकीजच्या भिंतीबाहेर उभं राहून, घड्याळ बघून वाजवली. तुमचे आभार मी काल त्यांना समक्ष सांगितले. ते बरे आहेत. मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं. आता मीही एकच वडी आणतो, तेव्हा थोडं कळतं. सोबत सूर पाठवत आहे. शिराकाता तेइजी."

सोबतचा कागद नुकागानं केला. जुनं निब शोधून, पाच रेघा ओढून, छापल्यासारखे दोनच सूर. वर 'मिठागरवाडी, एम-१७'. डावीकडे 'पिपाणी'. आणि दोन सुरांच्या मध्ये, अगदी बारीक अक्षरात, 'इथे श्वास घ्यावा'.

"शाई ओली आहे," नुकागा म्हणाला.

शिराकातांनी पंखा घेतला आणि वारा घातला.

लाल टपालपेटी कोपऱ्यावरच होती. शिराकातांनी पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि थांबले.

"'उशीर झाला' एवढंच पुरेल का रे? 'फार' घालायला हवं होतं."

"तेइजी, ती अडुसष्टची आहे. टाक."

त्यांनी टाकलं. आत पाकीट पडल्याचा हलका आवाज आला, आणि तो नीट ऐकू यावा म्हणून दोघंही क्षणभर गप्प राहिले.